वरचा वारा

रोहिणी नक्षत्र सरत आलं की आमच्या घरी फोनवर बोलायला एकच विषय उरतो. तब्येत, लग्नपत्रिका, शेजारच्यांची भांडणं, सगळं मागे पडतं. परवा आई म्हणाली, “आभाय रोज दुपारी भरून येते, अन् सांज झाली का मोकयं होते.” मी नागपुरात गच्चीवर उभा होतो. तेच आभाळ मलाही दिसत होतं. पश्चिमेला काळं, आणि डोक्यावर अगदी उंच पातळ पांढरे ढग, कापूस पिंजून कुणीतरी ओढत नेल्यासारखे. ते कुठल्या दिशेला ओढले जातायत, हे बघायची मला आता सवय लागली आहे. ही सवय कशी लागली ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. टाळत होतो, कारण त्यात माझी एक चूक आहे. नात्यातली मंडळीही इथे येऊन वाचतात आणि त्यांच्यापैकी निम्म्यांना ती ठाऊक आहे. असो. आज लिहूनच टाकतो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात. काळी जमीन, विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी, पुढे देवाच्या भरवशावर. पीक म्हणजे पऱ्हाटी, मध्ये तुरीची ओळ, आणि अलीकडे सोयाबीन. जिल्ह्यात वर्षाला साधारण नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा ऐकायला वाईट नाही. पण आमच्याकडे किती पडला यापेक्षा कधी पडला याला जास्त किंमत आहे. पहिल्या पावसानंतर दुसरा किती दिवसांनी येतो, यावर घरचं वर्ष ठरतं.

बाबांचा नियम सोपा होता. मिरग लागल्याशिवाय पिशवी फोडायची नाही, आणि मिरगातसुद्धा वावरात पाय रुतल्याशिवाय नाही. गावात बरेच जण धूळपेरणी करत. म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत सरकी टोबून ठेवायची. पाऊस वेळेवर आला तर त्यांची पऱ्हाटी आमच्यापेक्षा पंधरा दिवस पुढे असायची, आणि ते आम्हाला ऐकवायचेही. बाबा हसून सोडून द्यायचे.

२००९ साली मी पुण्यात नोकरीला होतो. नवी नोकरी, समोर दिवसभर इंटरनेट, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं वय. त्या वर्षी मान्सून केरळात २३ मे रोजीच आला. नेहमीची तारीख १ जून, म्हणजे आठ-नऊ दिवस आधी. दोनच दिवसांनी, २५ मे रोजी, ‘आयला’ चक्रीवादळ पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर धडकलं. पेपरात नकाशे, बाण, मान्सून ईशान्येकडे सुसाट निघाल्याच्या बातम्या. मी उत्साहाने घरी फोन केला.

“बाबा, यंदा पाऊस लवकर आहे. बंगालच्या उपसागरात वादळ झालंय, मान्सून ओढला जातोय. तुम्हीही या वर्षी धूळपेरणी करून टाका.”

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तू वाचून सांगतं ना? मंग ठीक हाये.”

जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा नियम मोडला, तो माझ्या शब्दावर. पाच एकर टोबून झालं. बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक सर आली, विजा-वाऱ्यासकट, अर्धा तास. तेवढ्याने सरकी उगवली. दोन-दोन पानांचे कोंब ओळीने उभे राहिले. आईने फोनवर सांगितलं, “लई गोड दिसते वावर.”

आणि मग ऊन पडलं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मान्सून जिथे होता तिथेच थांबला, आणि जवळजवळ दोन आठवडे देशभरात कुठेच पुढे सरकला नाही. त्या जूनमध्ये देशात सरासरीपेक्षा ४७ टक्के कमी पाऊस झाला. आमच्या शिवारात खरा पाऊस आला तेव्हा मिरग संपून आर्द्रा लागलं होतं, आणि कोंब करपून मातीच्या रंगाचे झाले होते.

दुबार पेरणीला पुन्हा बियाणं लागलं. कृषी केंद्राची आधीची उधारी होतीच. बाबांनी गोऱ्हा विकला. घरच्याच गाईचा होता, त्या वर्षी नुकताच वखराला जुंपायला शिकवला होता. मी पुण्याहून पैसे पाठवतो म्हटलं, पण माझा पगार होता केवढा, आणि खोलीचं डिपॉझिट भरून खिसा रिकामाच होता. बाबा मला एक शब्द रागावले नाहीत. राखीला घरी गेलो तेव्हा गोठ्यातला रिकामा खुंटा दिसला. बाबा एवढंच म्हणाले, “काऊन रे, तुयं ते वादळ कुठी गेलं मंग?”

चेष्टेच्या सुरात विचारलं त्यांनी. पण मला उत्तर येत नव्हतं. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी मला पावसाबद्दल काहीही विचारलं नाही. फोनवर सगळं बोलायचे, पण पावसाचा विषय माझ्याशी काढायचे नाहीत. आईला सांगायचे, आई मला सांगायची.

ते वादळ कुठे गेलं, हे शोधायला मी तेव्हापासून लागलो. मी हवामानशास्त्राचा विद्यार्थी नाही. जे समजलं ते माझ्या भाषेत मांडतो.

आमच्याकडे मे महिन्यात वखरलेल्या वावरातून वावटळ उठते, ती विदर्भातल्या मंडळींनी पाहिलेली असेल. माती तापते, हवा वर चढते, गिरकी घेते, आणि पालापाचोळा घेऊन एक उंच खांब उभा राहतो. लहानपणी आम्ही तिच्यात शिरायला धावायचो आणि मोठी माणसं ओरडायची. खांब सरळ उभा असतो तोवर वावटळ टिकते. वरून आडवा वारा लागला की ती मधून वाकते, आणि बघता बघता तिचा शेंडा एकीकडे, बुंधा दुसरीकडे. संपली.

चक्रीवादळ म्हणजे ही मोठी वावटळ नव्हे, त्याचं इंजिन वेगळं. ते चालतं समुद्राच्या वाफेवर. वाफेचे ढग होताना उष्णता बाहेर पडते, ती वादळाच्या मध्यावर साठत जाते, त्याने दाब आणखी कमी होतो आणि वारे आणखी जोराने आत धावतात. पण उभं राहण्याची अट तीच. बुंधा आणि शेंडा एकावर एक हवेत. जमिनीलगतचा वारा एका दिशेने आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवरचा दुसऱ्या दिशेने, असं झालं की साठलेली उष्णता भलतीकडे वाहून जाते. चूल पेटवायची आणि भांडं दुसऱ्याच खोलीत ठेवायचं, तसं. खालच्या आणि वरच्या वाऱ्यातला हा फरक ताशी चाळीसेक किलोमीटरच्या वर गेला की बहुतेक वादळांना वाढणं अवघड होतं. अमेरिकेतल्या विल्यम ग्रे यांनी १९६८ साली जगभरातल्या वादळांची आकडेवारी मांडून ही गोष्ट ठसवली.

आता आपल्या डोक्यावर काय चालतं ते बघा. हिवाळाभर हिमालयाच्या दक्षिणेला, साधारण बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक वेगवान नदी वाहते. मे संपता संपता ती उचलून हिमालय-तिबेटच्या उत्तरेला जाते. दरम्यान तिबेटचं पठार तापलेलं असतं. ते मुळातच चार-साडेचार किलोमीटर उंच, म्हणजे चूलच माडीवर मांडलेली. त्याच्यावर उंच हवेत जास्त दाबाचा एक मोठा घुमट तयार होतो, आणि त्या घुमटाच्या दक्षिण अंगाने, भारताच्या द्वीपकल्पावरून, उलट्या दिशेने म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे दुसरी नदी वाहू लागते. चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवर, ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने. हिची ओळख जगाला एका भारतीय शास्त्रज्ञाने करून दिली. पी. कोटेश्वरम, आपल्याच हवामान खात्यातले, पुढे तिथे महासंचालक झाले. त्यांचा निबंध १९५८ सालचा. त्या काळी उंचावरच्या वाऱ्याची माहिती मिळायची ती फुग्याला बांधून सोडलेल्या यंत्रांतून. आपल्या नागपूरच्या हवामान केंद्रातूनही असा फुगा रोज सोडतात. पहाटे ऑफिसला निघालेला माणूस मान वर करून बघतही नसेल.

तर खाली मान्सूनचा पश्चिमेकडून येणारा वारा, आणि वर हा पूर्वेकडून येणारा. दोन्ही जोरात आणि बरोबर उलटे. म्हणून जून सरला की बंगालच्या उपसागरात पाणी कोमट असतं, वाफ मुबलक असते, तरी चक्रीवादळं जवळपास होत नाहीत. आपल्याकडे वादळांचे हंगाम दोनच, एक एप्रिल-मे ते जूनचा आरंभ, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या चार महिन्यांत वरचा वारा त्यांची मान धरून ठेवतो. अपवाद असतात. जुलै २०१५ मध्ये ‘कोमेन’ झालं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कच्छच्या किनाऱ्याजवळ ‘असना’. पण अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये चक्रीवादळ होण्याची ती १९७६ नंतरची पहिलीच वेळ होती, यावरून काय ते समजा.

हे वाचल्यावर मला आधी वाटलं की हा वरचा वारा आमचा शत्रू दिसतो. वादळ नाही म्हणजे पाऊस नाही. माझं २००९ चं सगळं गणित तेच होतं ना! वादळ आलं म्हणजे पाऊस आला.

नेमकं उलटं आहे. विदर्भाला भिजवणारा पाऊस चक्रीवादळं आणत नाहीतच. तो आणतात उपसागरात उठणारी कमी दाबाची क्षेत्रं आणि डिप्रेशन्स. ती ओडिशाच्या किनाऱ्याला लागतात आणि छत्तीसगड, पूर्व विदर्भ, मध्य प्रदेश अशी रमतगमत पश्चिमेकडे सरकतात. जून ते सप्टेंबरात अशी साधारण बारा-चौदा येतात. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला तरच वादळाला नाव मिळतं. यांचा तेवढा जातच नाही. एकतर ती उपसागराच्या अगदी वरच्या टोकाला जन्मतात, वाढायच्या आत जमिनीवर येतात. आणि डोक्यावर तो पूर्वेचा वारा असतोच. त्याच्यामुळे त्यांचे ढग आणि पाऊस मध्यावर न राहता नैऋत्य अंगाला झुकतात. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. क्षेत्र छत्तीसगडवर किंवा जबलपूरकडे असेल तर त्याच्या नैऋत्येला कोण? आपणच की!

म्हणजे ज्यांची वाढ वरच्या वाऱ्याने रोखली, ज्यांना कुणी नावही ठेवलं नाही, त्यांच्यावर आमची पऱ्हाटी उभी आहे. नावाची वादळं मे महिन्यात बहुधा बंगाल, बांगलादेश, म्यानमारकडे वळतात. २०२३ चं ‘मोखा’ म्यानमारला गेलं, २०२४ चं ‘रेमाल’ बंगाल-बांगलादेशाकडे. आम्हाला त्यांच्याकडून मिळालं तर भरून आलेलं आभाळ, फार तर एखादी सर. आणि ती एखादी सरच घात करते. सरकी उगवण्यापुरतं पाणी ती देते, जगण्यापुरतं देत नाही.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आता मला देता येतं. आयलाने मान्सूनचा ओघ ईशान्येकडे ओढला, म्हणून तो तिकडे लवकर पोचला. वादळ विरलं आणि ओघ पांगला. त्यानंतर त्याला पुढे न्यायला वरचं आभाळ तयार नव्हतं. उत्तरेकडे निघून जायला हवे होते ते उंचावरचे पश्चिमी वारे पुन्हा खाली उत्तर भारतावर उतरले, सोबत कोरडी हवा घेऊन. अशा वेळी तिबेटवरचा घुमट नीट बसत नाही, आणि पूर्वेची नदीही रोडावते. चुलीला धुराडं नसेल तर खाली कितीही जाळ घाला, धूर घरातच कोंडतो. तसं वर हवा पसरायला वाट नसेल तर खाली कमी दाब तयार होत नाही. त्या अख्ख्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात एकही डिप्रेशन उठलं नाही. पहिलं उठलं ते जुलैच्या २० तारखेला. पुढे एल निनोही जोर धरू लागला, आणि त्या वर्षीचा मान्सून सरासरीच्या ७८ टक्क्यांवर संपला. १९७२ नंतरचा सर्वांत वाईट.

थोडक्यात, मी खालचं वादळ बघितलं आणि वरचा वारा बघितला नाही.

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ आलं. ६ जूनला तयार झालं आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं. इतके दिवस टिकणारी वादळं आपल्याकडे क्वचितच होतात. टीव्हीवर दिवसरात्र तेच. मान्सून केरळात ८ जूनला आला खरा, पण अशक्त. मिरग लागलं होतं. गावात काहींच्या पिशव्या फुटल्याही होत्या. एका संध्याकाळी फोन वाजला. नेहमी आईच्या फोनवरून येणारा आवाज आज बाबांच्या फोनवरून, आणि थेट विषयाला हात.

“काय म्हन्ते तुयं वादळ?”

चौदा वर्षांनी विचारलं त्यांनी. माझा घसा कोरडा पडला, खोटं नाही सांगत. मी नागपूरच्या फुग्याची आकडेवारी बघितलेली होती, उंचावरच्या वाऱ्याचे नकाशे बघितले होते. सगळं एका दमात सांगायला गेलो आणि मग स्वतःलाच आवरलं.

“बाबा, हे वादळ सगळी ओल आपल्याकडे ओढून घेऊन गुजरातकडे चाललंय. ते गेल्यावर लगेच पाऊस येईल असं धरू नका. वरचा वारा अजून पूर्वेचा झालेला नाही. उपसागरात काही उठेपर्यंत थांबा. कृषी विभागही सांगतो, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका.”

“बरं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या वर्षी मान्सूनने जूनच्या शेवटच्या आठवड्यात एकदम उडी घेतली. मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे तो एकाच दिवशी, २५ जूनला पोचला. तसं १९६१ नंतर झालं नव्हतं. आमच्याकडेही त्याच सुमारास वावरात पाय रुतला. सरकी टोबली, उगवली, टिकली. पुढल्या वेळी गावी गेलो तेव्हा आईला म्हटलं, “यंदा माझं ऐकलं म्हणायचं बाबांनी.”

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पिशव्या तं फोन कराच्या आधीच कोठीत ठेवून कुलूप लावलं होतं त्याईनं. आर्द्राशिवाय काढाचेच नव्हते.”

म्हणजे निर्णय झालेलाच होता. विचारलं ते उगाच. मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. मला माझ्या विद्येचा विजय वाटत होता, आणि त्यांनी तो फोन पावसासाठी केलेलाच नव्हता.

गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल, पण खरं सांगायचं तर त्या वर्षी पुढे काही गोड झालं नाही. २२ जुलैला जिल्ह्यात असा पाऊस झाला की यवतमाळ शहरात पाणी शिरलं आणि महागाव तालुक्यात आनंदनगरला माणसं पुरात अडकून पडली. बिननावाच्या क्षेत्रांना मी एवढं चांगलं म्हटलं, पण मनात आणलं तर तीही बुडवतात. आमच्या नाल्याकाठचा एक तुकडा खरडून गेला. आणि मग ऑगस्ट कोरडा. देशभरातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. वरच्या वाऱ्याचं मला जेवढं समजतं तेवढ्याने पेरणीचे पंधरा दिवस सांभाळता येतात, पुढचे तीन महिने नाही. आमच्या जिल्ह्यात किती घरांत ते तीन महिने माणसाला पुरून उरले, हे मी इथे लिहायची गरज नाही.

तरी त्या पंधरा दिवसांचंही मोल आहे. आमच्या गोठ्याने ते एकदा मोजलंय.

बाबा आता वावरात कमी जातात, गुडघे दुखतात. संध्याकाळी अंगणात खाट टाकून आभाळ बघत पडतात. गेल्या खेपेला मी त्यांना उंच ढगांचं दाखवलं. खालचे काळे ढग पूर्वेकडे चाललेत आणि त्यांच्या फटीतून दिसणारे वरचे पातळ पांढरे पश्चिमेकडे, असं दिसलं की समजायचं, वरचा वारा फिरला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

“हे तं माया बाप बी सांगे,” म्हणाले. “वरचं आभाय उलटं चाललं का पेराव.”

आजोबा शाळेत गेले नव्हते. त्यांनी हे खरंच सांगितलं होतं की बाबांनी माझं मन राखायला तेव्हाच रचलं, मला माहीत नाही. विचारलंही नाही.

काल संध्याकाळी पुन्हा गच्चीवर गेलो होतो. वरचे ढग अजून पूर्वेकडेच चाललेत. घरी फोन करून सांगितलं. आई म्हणाली, “त्यायले मालूम हाये. पण थांब, देतो फोन.”